पायलीपासून उजनीपर्यंत

उन्हाळ्याच्या शेवटी सोलापूरच्या वर्तमानपत्रांत एक अजब आकडा छापून येतो. उजनीत होड्या चालू असतात, मासेमारांची जाळी पडत असतात, भिगवणच्या बाजूला पक्षी चिखलात चोची मारत असतात, आणि बातमीचा मथळा सांगतो की धरण उणे अमुक टक्क्यांवर गेले. २०२४ च्या उन्हाळ्यात हा आकडा उणे साठच्या आसपास पोचला होता. शून्याच्या खाली गेलेले पाणी! ऐकणाऱ्याला वाटावे, धरण आटून गेले आणि वर कुणाची तरी उसनवारीही झाली.

तेव्हा उजनीत पाणी होते तरी किती? कागदावरच्या हिशेबाने साडेएकतीस टीएमसी. कागदावरच्या म्हणायचे, कारण तळाशी साचलेला गाळ त्यातून वजा केलेला नाही. आता पुण्याला पाणी पाजणारी चार धरणे घ्या : खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर. ही चारही काठोकाठ भरली की त्यांचा उपयुक्त साठा होतो २९.१५ टीएमसी. म्हणजे सोलापूरचे ‘उणे’ पुण्याच्या ‘भरले’पेक्षा हिशेबात मोठे!

सगळा घोळ मापांचा आहे. एकाच पाण्याला आपल्याकडे किती मापे लागतात पाहा. धरण मोजायचे टीएमसीत, सरकारी तक्त्यात दलघमीत, म्हणजे दशलक्ष घनमीटरांत. नदीत सोडलेला विसर्ग क्युसेकमध्ये. महापालिका एमएलडीत, म्हणजे दिवसाला दशलक्ष लिटरांत बोलते, टँकरवाला लिटरमध्ये आणि आजी अजून घागरीत. लेकीकडे अमेरिकेला गेलेल्या सोलापूरच्या आईला तिथल्या दुकानात ‘सहा क्वार्ट’ लिहिलेला कुकर दिसतो आणि या गर्दीत आणखी एक माप येऊन उभे राहते. शाळेत याला ‘एककांचे रूपांतर’ म्हणत. क्वार्टचे घनमीटर करा, उत्तर दशांश चिन्हानंतर तीन शून्ये आणि मग कसलेतरी आकडे. दोन गुण मिळाले की विषय संपला. पण गणितात इतका कंटाळवाणा दिसणारा आणि आत इतका अद्भुत असलेला दुसरा भाग मला तरी माहीत नाही.

सुरुवात क्वार्टपासूनच करू, कारण तो आपल्या नात्यातला निघतो.

सोलापूर जिल्हा ज्वारीचा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याआधी कित्येक पिढ्या ही ज्वारी खळ्यावर तराजूने तोलली जात नव्हती, मापाने भरली जात होती. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली. पायरीगणिक दुप्पट. पायलीत चार शेर. आता इंग्रजी मापे लावून पाहा. दोन कपांचा पाइंट, दोन पाइंटांचा क्वार्ट, चार क्वार्टांचा गॅलन. पायलीला जसा शेर, तसा गॅलनला क्वार्ट. एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्या दोन बाजारांनी तीच शिडी बांधली.

असे का झाले असावे? अर्धे करणे हा एकच भागाकार असा आहे, जो आकडे न येणाऱ्या माणसालाही बिनचूक जमतो. दोन सारखी भांडी घ्या, एकातले दुसऱ्यात ओता, पातळी जुळली की वाटणी झाली. समोरच्याचा विश्वास नसेल तर त्यालाच आधी भांडे उचलायला सांगा. दहावा भाग असा हाताने पाडून दाखवा बरे! दशमान पद्धत कागदावर सोपी आहे. खळ्यावर, दिवेलागणीला, दहा माणसे आपापला वाटा घ्यायला उभी असताना अर्ध्याला तोड नव्हती.

या शिडीला एकच खोड होती, आणि ती शिगेची. धान्य मापाच्या काठाशी सपाट करायचे की वर शीग ठेवायची? शिगेचा दाणा मोफत दिसतो, पण तो भूमितीने बांधलेला असतो. ज्वारीचा ढीग एका ठरावीक उताराचाच होतो, त्याहून उभा केला तर घरंगळतो. त्यामुळे शीग किती उंच होणार हे मापाच्या तोंडाच्या रुंदीवर ठरते. आणि गंमत अशी की तोंड दुप्पट रुंद केले तर शीग दुप्पट होत नाही, चौपटही होत नाही, आठपट होते. कारण लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही एकदम दुपटीने वाढतात. पोटात तेवढेच धान्य मावणारी, पण पसरट तोंडाची पायली घेऊन खळ्यावर येणारा सावकार भूमिती शिकलेला नसेल, पण ती वापरत नक्कीच होता. इंग्लंडातही हेच भांडण चालू होते. तिथे १८३५ च्या कायद्याने शिगेची मापे बंदच करून टाकली. आपल्याकडे शीग तर शीग, पण मणही गावागणिक बदलायचा. कुठे बारा पायल्यांचा मण, कुठे सोळांचा.

क्वार्टची तऱ्हा याहून निराळी नाही. जगात आज निदान तीन क्वार्ट नांदताहेत. जुन्या इंग्लंडात दारूचा गॅलन वेगळा, बिअरचा वेगळा आणि धान्याचा वेगळा होता. १८२४ साली ब्रिटिश संसदेने ही भाऊबंदकी मिटवली आणि नवा गॅलन ठरवला : ६२ अंश फॅरनहाइट तापमानाच्या दहा पौंड पाण्याला जेवढी जागा लागते तेवढा. पण अमेरिका तोवर वेगळी झाली होती. तिने राणी ॲनच्या काळातला, २३१ घनइंचांचा दारूचा गॅलन धरून ठेवला. कोरड्या मालासाठी धान्याचा गॅलनही ठेवला. त्यामुळे गॅलनचा चौथा हिस्सा असलेला क्वार्ट ब्रिटनमध्ये १.१३६५ लिटरचा, अमेरिकेत दुधापाण्यासाठी ०.९४६४ लिटरचा आणि धान्यासाठी १.१०१२ लिटरचा.

अमेरिकी क्वार्टचे घनमीटर कसे होतात ते एकदा बारकाईने पाहण्यासारखे आहे. क्वार्ट म्हणजे ५७.७५ घनइंच. १९५९ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या देशांनी आपसांत ठरवले की इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर, ना कमी ना जास्त. २.५४ सेंटिमीटरचा घन केला की १६.३८७०६४ घनसेंटिमीटर. त्याला ५७.७५ ने गुणले की ९४६.३५२९४६. घनमीटरात दहा लाख घनसेंटिमीटर असतात, म्हणून एक क्वार्ट म्हणजे ०.०००९४६३५२९४६ घनमीटर. ही आकड्यांची शेपटी पाहून वाटते की कुणीतरी प्रयोगशाळेत फार सूक्ष्म मोजमाप केले असावे. तसे काहीच नाही. यात मोजलेले काही नाही आणि ‘अंदाजे’ही काही नाही. एक राणीच्या काळातला आकडा आणि एक विसाव्या शतकातला करार यांचा तो सरळ गुणाकार आहे. एका घनमीटरात असे १,०५६.६९ अमेरिकी क्वार्ट मावतात, ब्रिटिश मात्र ८७९.८८.

कुकरच्या बाबतीत हा फरक किरकोळ आहे. सहा क्वार्टचा अमेरिकी कुकर ५.६८ लिटरचा असतो. ब्रिटिश क्वार्ट समजून चालणाऱ्याला तो ६.८२ लिटरचा वाटेल आणि वरण उतू जाईल, एवढेच. पण समजा कुणी उजनीचा पूर्ण साठा ब्रिटिश क्वार्टांत लिहून ठेवला आणि दुसऱ्याने तो अमेरिकी समजून वाचला. धरणातले साडेएकोणीस टीएमसीहून अधिक पाणी नुसत्या वाचनात नाहीसे होईल. सोलापूर शहरासाठी उजनीहून टाकलेली नवी समांतर जलवाहिनी पूर्ण क्षमतेने वर्षभर चालली तर सुमारे २.२ टीएमसी पाणी आणते. म्हणजे एका नावाच्या दोन मापांच्या फटीत शहराचे जवळपास नऊ वर्षांचे पाणी बसते.

आता घनमीटर. तो पाहायचा असेल तर सोलापुरात नुसती मान वर करायची. जिथे नळाला पाणी काही दिवसांआड येते तिथे प्रत्येक छपरावर, गच्चीवर टाक्या असणारच. त्यातली हजार लिटरची टाकी म्हणजे एक घनमीटर. ती गोल असते म्हणून ओळखू येत नाही, एवढेच. जमिनीखाली एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल हौद बांधला तर त्यातही तेच पाणी. दहा हजार लिटरचा टँकर म्हणजे दहा घनमीटर. आणि या घनमीटरभर पाण्याचे वजन एक टन. गच्चीवर टाकी वाढवताना स्लॅबला विचारून घ्यावे ते यासाठी.

लिटर, किलो आणि मीटर ही तिन्ही मापे अशी एकमेकांत गुंतवली होती फ्रेंचांनी. दहा सेंटिमीटरच्या घनात मावते ते लिटर, आणि तेवढ्या पाण्याचे वजन एक किलो. कल्पना इतकी देखणी की तिला दृष्ट लागावी, आणि तशी ती लागलीही. १९०१ मध्ये लिटरची अधिकृत व्याख्या किलोवरून केली गेली : पाणी सर्वांत दाट असते त्या, म्हणजे चार अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानाला एक किलो पाण्याने व्यापलेली जागा. नंतर काटेकोर मोजणी झाली तेव्हा कळले की हे लिटर दहा सेंटिमीटरच्या घनापेक्षा दहा लाखात २८ भागांनी मोठे आहे. किलोचे वजन घडवतानाच केसभर चूक राहून गेली होती. शेवटी १९६४ मध्ये ती व्याख्या रद्द झाली आणि लिटर पुन्हा घनमीटरचा बरोब्बर हजारावा भाग झाला. मधली त्रेसष्ट वर्षे हजार लिटर आणि एक घनमीटर यांत २८ मिलिलिटरचा, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांचा फरक होता. दोन चमच्यांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे वाटत असेल तर तोच फरक उजनीला लावून पाहा. पूर्ण भरलेल्या उजनीत तो नऊ हजारांहून अधिक टँकरांचा होतो.

मापे बदलताना खरी फसगत होते ती घनाच्या पायरीवर. मीटरमध्ये सव्वातीन फूट हे सगळ्यांना ठाऊक असते. मग घनमीटरात किती घनफूट? पटकन उत्तर द्यायला सांगा, माणूस तीन म्हणेल, फार तर दहा. खरे उत्तर पस्तीसच्या वर आहे : ३५.३१. सव्वातीनला सव्वातीनने एकदा गुणले की क्षेत्रफळ, पुन्हा गुणले की घनफळ. शिगेचे आठपट होणे आणि इथले पस्तीसपट होणे एकाच जातीचे आहे. आपला डोळा लांबी बरी ओळखतो, जागाही बऱ्यापैकी ओळखतो, पण घनफळापुढे तो हात टेकतो.

टीएमसी हा याच घनफुटांचा डोंगर. हजार दशलक्ष घनफूट, म्हणजे शंभर कोटी घनफूट. एक घनफूट २८.३२ लिटरचा, तेव्हा एक टीएमसी म्हणजे २,८३१ कोटी ६८ लाख लिटर, किंवा २८.३२ दलघमी. लिटरांतला आकडा वाचून डोळ्यांसमोर काहीही येत नाही. घनमीटर धरला की येते. एक चौरस किलोमीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाण्याचा थर पसरला, इतका पातळ की चप्पलही धड भिजणार नाही, तरी ते पाणी हजार घनमीटर होते. थर मीटरभर केला तर दहा लाख घनमीटर, म्हणजे एक दलघमी. अशा अठ्ठावीस चौरस किलोमीटरांवर कमरेच्या वर पाणी उभे राहिले की एक टीएमसी झाला.

माढा तालुक्यातल्या उजनीजवळ भीमेवर बांधलेल्या या धरणाचे काम १९६९ मध्ये सुरू झाले आणि १९८० मध्ये पूर्ण झाले. जलाशयाचे नाव यशवंतसागर. त्याची एकूण क्षमता ३,३२० दलघमी, म्हणजे ११७ टीएमसी. ही क्षमता घनकिलोमीटरांत सांगायची तर फक्त ३.३२. एवढ्याशा आकड्याला हसू नका. हे सगळे पाणी एक चौरस किलोमीटरच्या चौकोनात उभे रचले तर त्याची उंची ३,३२० मीटर होईल. कळसूबाईवर आणखी एक कळसूबाई ठेवली तरी तिचे टोक पाण्याखाली राहील. आणि तेच पाणी सर्व बाजू सारख्या असलेल्या ठोकळ्यात भरले तर ठोकळ्याची बाजू दीड किलोमीटरही भरत नाही. त्याच्या एका बाजूने चालत गेलात तर वीस मिनिटांत टोक येईल. आजूबाजूच्या जिल्ह्यांचे राजकारण, ऊस, केळी, डाळिंब आणि पिण्याचे पाणी या वीस मिनिटांच्या ठोकळ्यात मावते.

आता उणे टक्क्यांचे कोडे. उजनीच्या पाण्याची शून्याची रेघ समुद्रसपाटीपासून ४९१.०३ मीटरवर मारलेली आहे आणि शंभर टक्क्यांची ४९६.८३ मीटरवर. मधले अंतर ५.८ मीटर, दुमजली घराएवढे. कालव्यांना पाणी उताराने आपोआप जायला हवे म्हणून त्यांची तोंडे धरणात उंचावर आहेत; त्या तोंडांच्या खाली राहिलेले ते मृतसाठ्यात जमा. उजनीचा मृतसाठा आहे ६३.६६ टीएमसी आणि उपयुक्त साठा ५३.५७. म्हणजे निम्म्याहून जास्त धरण शून्याच्या खाली आहे! टक्केवारी मात्र फक्त वरच्या थराची काढतात. वरचा थर संपून पाणी आणखी उतरले की त्याच मोजपट्टीने उणे चिन्ह लावतात. मृत म्हटले तरी ते पाणी उपसता येते, नदीत सोडता येते, आणि सोलापूरकर दर काही वर्षांनी तेच पितात. पाणी फार उतरले की इंदापूर तालुक्यात पळसदेवचे बुडालेले जुने मंदिर वर येते. त्याचे शिखर पाहायला गर्दी होते. तिथे उणे टक्के डोळ्यांनी दिसतात.

त्या ५.८ मीटरच्या थरात १,५१७ दलघमी पाणी मावते. भागाकार केला की जलाशयाचे सरासरी क्षेत्र निघते सुमारे २६० चौरस किलोमीटर. इथे मला सर्वांत जास्त आश्चर्य वाटते. या पसाऱ्यावरून एक सेंटिमीटर पाणी गेले, नखाच्या रुंदीएवढे, तर किती गेले? २६ लाख घनमीटर. सोलापूरच्या नव्या समांतर जलवाहिनीची क्षमता १७० एमएलडी, म्हणजे दिवसाला १७ कोटी लिटर, म्हणजे १ लाख ७० हजार घनमीटर. तेव्हा उजनीचा एक सेंटिमीटर म्हणजे जलवाहिनीचे पंधरा दिवस. वैशाखात सूर्य हे नख रोज थोडे थोडे कुरतडत असतो आणि त्याचे बिल कुणाच्याच नावावर निघत नाही.

पावसाळ्यात हिशेब उलटा धावतो आणि तेव्हा क्युसेकचे राज्य सुरू होते. जुलै-ऑगस्टमध्ये जिल्ह्यातला शेतकरी सोलापूरच्या आभाळाकडे कमी आणि दौंडच्या विसर्गाकडे जास्त पाहतो, कारण उजनी भरते ती पुण्याकडच्या पावसावर, वरची धरणे भरून सांडली की. ‘दौंड किती?’ एवढाच प्रश्न असतो आणि उत्तर हजारांत येते. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. त्याचे टीएमसी करायला एकच आकडा लक्षात ठेवावा : ११,५७४. इतक्या क्युसेकने पाणी चोवीस तास आले की धरणात एक टीएमसीची भर. दौंडला पन्नास हजार चालू असतील तर दिवसाला सव्वाचार टीएमसी. आणि धरण भरून खाली लाख क्युसेक सोडले, तर पंढरपूरच्या वाळवंटाकडे सेकंदाला २८ लाख लिटर पाणी निघते. ‘एक, दोन, तीन’ म्हणेपर्यंत साडेआठशे टँकर. त्या वेगाने एक टीएमसी संपायला बरोबर दहा हजार सेकंद लागतात, म्हणजे पावणेतीन तासांच्या आसपास.

जलवाहिनीच्या १७० एमएलडीचे क्युसेक केले तर फक्त सत्तर भरतात. लाखाच्या बातम्या वाचणाऱ्याला हा आकडा क्षुल्लक वाटेल, पण शहर त्यावर चालू शकते. याउलट शहरासाठी म्हणून पाणी नदीतून सोडले, ते औज बंधाऱ्यापर्यंत पोचवायचे झाले, तर एका आवर्तनाला पाच-सहा टीएमसी सोडावे लागते. वाटेतली वाळू पिते, ऊन पिते, दोन्ही काठांवरच्या मोटारी पितात. पाइपातून वर्षाला सव्वादोन आणि नदीतून एका खेपेला पाच-सहा! नदीकाठची शेती त्या पाण्यावर जगते, म्हणून ते वाया गेले असे मी म्हणणार नाही. पण हा सगळा हिशेब ‘सोलापूरच्या पिण्याच्या पाण्या’च्या नावावर लिहिणे बरोबर नाही, आणि एमएलडी व टीएमसी यांची भेट कुणी घडवून देत नाही तोवर तो तसाच लिहिला जातो.

भारताने दशमान मापांचा कायदा १९५६ मध्ये केला आणि १९५८ पासून शेर-मण हळूहळू हद्दपार झाले. मग घनफूट कसा वाचला? ब्रिटिश अभियंत्यांनी धरणे-तलाव घनफुटांतच मोजले. सोलापूरजवळचा, १८७१ मध्ये पूर्ण झालेला एकरुखचा तलावही त्याच हिशेबातला. ती सवय खात्यात मुरली. त्यावर कायद्याचा शिक्का बसला तो कृष्णा पाणीतंटा लवादामुळे. याच, म्हणजे बच्छावत लवादाच्या निवाड्यात महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशाला ८०० टीएमसी पाणी वाटून दिले गेले. भीमा ही कृष्णेची उपनदी, त्यामुळे उजनीचा थेंब न् थेंब या वाटणीत येतो. ज्या आकड्यासाठी तीन राज्ये भांडली तो आकडा मग कोण बदलणार? किराणा दुकानातला शेर गेला, राज्यांमधला घनफूट राहिला. माझे मत विचाराल तर आता वर्तमानपत्रांनी टीएमसीच्या शेजारी दलघमी छापावेत आणि टक्केवारीच्या आधी एकूण साठा द्यावा. दलघमीला शेजारच्या एमएलडीशी जोडायला नुसती शून्ये मोजावी लागतात. टीएमसीला जोडायला २८.३२ चा पाढा लागतो, आणि तो कुणालाच येत नाही.

घनमीटर हाताशी असला की एक शेवटचा गुणाकार करून पाहावा, मला तो सर्वांत धक्कादायक वाटतो. सोलापूर जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,८९५ चौरस किलोमीटर. पाऊस कमी, म्हणून जिल्हा दुष्काळी. वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच धरू. एका चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर म्हणजे हजार घनमीटर, हे आपण पाहिलेच. तेव्हा जिल्ह्यावर वर्षात पडणारे पाणी होते ७,४४७ दलघमी, म्हणजे २६३ टीएमसी. या दुष्काळी जिल्ह्यावर आकाशातून दरवर्षी दोन उजनी भरून वर आणखी पाव उजनी पाणी पडते. त्यातले बहुतेक जमीन पिते, पिके पितात, ऊन उडवून नेते, काही ओढ्यांनी निघून जाते. ते सगळे अडवता येणार नाही आणि अडवूही नये. पण ‘पाणीच नाही’ हे वाक्य त्यानंतर तितक्या सहज तोंडातून येत नाही.

हाच गुणाकार आपल्या घराला लावता येतो. हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे ९३ चौरस मीटर. तिला ५०० मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या मीटर पावसाने गुणले की ४६ घनमीटर. पहिल्या पावसाचे धुऊन टाकायचे आणि सांडलवंड सोडून ऐंशी टक्केच हाती लागले असे धरले, तरी ३७,००० लिटर, साडेतीन टँकरांहून जास्त. पुढच्या पावसाळ्याआधी टेप घेऊन गच्चीची लांबी-रुंदी मीटरमध्ये मोजा, गुणाकार करा, आणि मगच ठरवा की पन्हळीचे तोंड गटाराकडे ठेवायचे की हौदाकडे.